फोटो गावातच पुरा व्हावा

वालूरच्या गोल बारवेचा फोटो दुपारी काढणं फार अवघड. वरच्या कडेवर ऊन इतकं प्रखर असतं की काळा दगडही पांढुरका दिसतो. भिंतीला धरून गोल फिरत खाली गेलेल्या पायऱ्या थोड्या उतरल्या की सावली लागते, आणि तळ तर अंधारातच असतो. आपला डोळा काठ आणि तळ दोन्ही पाहून घेतो, कारण तो जिथे वळतो तिथल्या उजेडाला लगेच सरावतो. कॅमेऱ्याला ते एका क्लिकमध्ये जमत नाही. काठ सांभाळला तर तळ काळा ठिक्कर पडतो, तळ सांभाळला तर काठ जळून जातो. म्हणून जाणता फोटोग्राफर कॅमेरा स्टँडवर लावून तीन फोटो काढतो, एक उन्हाचा, एक सावलीचा, एक मधला. तिन्ही एकमेकांत मिसळून बारव जशी दिसते तशी कागदावर आणायचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते कॉम्प्युटरवर होतं.

वालूर हे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं गाव. गावाचं नाव वाल्मीकी ऋषींशी जोडलं जातं. सर्पिलाकार पायऱ्यांची अशी बारव महाराष्ट्रात क्वचितच पाहायला मिळते. कधीकाळी गाळाने, कचऱ्याने आणि झुडपांनी बुजलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली. रोहन काळे यांच्या पुढाकाराने राज्यभर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे अशा कितीतरी बारवांकडे लोकांचं लक्ष गेलं आणि त्यांचे फोटो दूरदूर पोहोचले.

बारव गावाने राखली. तिच्या फोटोवर शेवटचा हात मात्र कुणाचा फिरतो? वालूर, सेलू, जिंतूर, मानवत अशा ठिकाणी कॅमेरे आता चांगले आहेत, हातही तयार आहेत. अडतं ते पुढच्या टप्प्यावर. दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आजच्या कॅमेऱ्याच्या फाइलींखाली दबून जातो. मग काम शहरात पाठवलं जातं, आणि ज्याने तो दगड कधी पाहिलेला नाही, लग्नाच्या फोटोतली ती नवरी कधी पाहिलेली नाही, असा माणूस त्यांचा रंग ठरवतो. वेगवान कॉम्प्युटर घ्यावा की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा पैशाच्या आणि हौसेच्या हिशेबात सोडवला जातो. मला तो फोटोवरच्या अधिकाराचा प्रश्न वाटतो.

फोटो कुठे पुरा झाला?

छायाचित्रणाच्या आरंभी फोटो जिथे काढला तिथेच पुरा करावा लागे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये मांडलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवरचं रसायन ओलं असेपर्यंतच, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून ती काच धुवावी लागे. त्यामुळे देवळाचा फोटो काढणाऱ्याला देवळाशेजारीच अंधारा तंबू ठोकावा लागायचा. पुढे कोरड्या काचा आल्या आणि टिपणं व धुणं यांच्यात अंतर पडू लागलं.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. सहावे निजाम महबूब अली खान यांनी लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि 'राजा' हा किताब दिला. सिकंदराबादेत त्यांचा मोठा स्टुडिओ होता. चेहऱ्यावरचे डाग काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने भरून काढण्याची कला त्या काळच्या स्टुडिओंत चांगलीच रुळलेली होती. आज आपण जे रीटचिंग म्हणतो, ते फोटोशॉपच्या शंभर वर्षं आधीपासून चालत आलेलं आहे. त्याच निजाम राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी छायाचित्रांवर आधारलेले अजिंठ्याचे मोठे खंड १९३० ते १९५५ या काळात सिद्ध केले. ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. लेणी आपल्या मातीतली, पण त्यांच्या चित्रांचे रंग कागदावर उतरवण्याचं शेवटचं काम फार दूर झालं.

आपल्या गावांतल्या स्टुडिओंची कहाणीही याच वाटेने गेली आहे. कृष्णधवल फोटोंच्या काळात मागच्या खोलीत लाल दिवा, एन्लार्जर, डेव्हलपर आणि हायपोच्या थाळ्या असत. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' छापाचा कागद त्या थाळीत टाकला की चेहरा हळूहळू वर यायचा. संध्याकाळी काढलेला फोटो सकाळी मिळायचा आणि सगळं काम एकाच छपराखाली व्हायचं.

रंगीत फिल्मने हे मोडलं. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश सेल्सिअस ठेवावं लागतं आणि त्यात पाव अंशाचाही फरक चालत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, विजेच्या लपंडावात, मागच्या खोलीत हे जमणं शक्य नव्हतं. त्यासाठी लाखो रुपयांची मशीन लागायची. म्हणून रोल जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या शहराच्या लॅबला एसटीने जाऊ लागले. रंग लॅबमधला ऑपरेटर ठरवू लागला. गावातला फोटोग्राफर टिपणारा उरला, घडवणारा राहिला नाही.

डिजिटल कॅमेऱ्याने आणि कॉम्प्युटरने तो अधिकार परत आणला. अमेरिकेत थॉमस आणि जॉन नोल या भावांनी रचलेलं फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आलं, तेही फक्त मॅकिन्टॉशसाठी. १९९२ मध्ये ते विंडोजवर आलं आणि १९९४ च्या आवृत्तीत लेयर आले. आल्बम डिझाइनचा सगळा धंदा पुढे या लेयरवरच उभा राहिला. आपल्याकडे तालुक्याच्या स्टुडिओत डीटीपीसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवरच फोटोचं काम सुरू झालं. लाल दिव्याची खोली पुन्हा उघडली असंच म्हणायचं.

पण कॅमेरे भराभर पुढे गेले आणि कॉम्प्युटर मागे राहिले.

लग्नसराईचं गणित

स्टुडिओचं पोट लग्नावर भरतं. तिथी दाट असल्या की एका आठवड्यात तीन-चार ऑर्डरी येतात. हळद, साखरपुडा, लग्न, वरात आणि आता प्री-वेडिंगही. एका लग्नाचे तीन हजार फोटो सहज होतात. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण तीस एमबीची धरली, तर एका लग्नाचे नव्वद जीबी होतात.

हे नव्वद जीबी कार्डातून कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे. कार्ड रीडर जुना, यूएसबी २.० चा असेल तर सेकंदाला पस्तीस एमबीच्या आसपास माल येतो आणि त्यात पाऊण तास जातो. रीडर यूएसबी ३.० चा आणि कार्ड बरं असेल तर तेच काम पंधरा-सतरा मिनिटांत होतं. कॉम्प्युटर बदलायचा विचार करणाऱ्या कित्येकांच्या टेबलावर तो जुना रीडर तसाच पडलेला असतो. पाच-सातशे रुपयांत होणारी सुधारणा तिथे वाट पाहत असते.

त्यानंतर निवड. तीन हजार फोटो एकेक करून पाहायचे, मिटलेल्या डोळ्यांचे आणि हललेले काढून टाकायचे. प्रत्येक फोटो पडद्यावर स्वच्छ उमटायला पाच सेकंद लागले, तर नुसत्या वाट पाहण्यात चार तासांहून जास्त वेळ जातो. त्या चार तासांत माणूस कंटाळतो आणि मधले शंभर फोटो न पाहताच पुढे सरकतो. नवरीच्या आजीचा एकमेव चांगला फोटो त्या शंभरात असू शकतो. कॉम्प्युटरचा संथपणा असा नजरेवर परिणाम करतो.

मग आल्बम. बारा बाय छत्तीस इंचाचं एक शीट तीनशे डीपीआयला उघडलं, की त्यात जवळजवळ चार कोटी पिक्सेल असतात. आठ बिटमध्ये त्याचा एकच थर सुमारे ११७ एमबीचा होतो आणि सोळा बिटमध्ये काम करायचं ठरवलं तर त्याच्या दुप्पट. मागची फ्रेम, सहा-आठ फोटो, प्रत्येकाचं मास्क, वर नावं आणि फुलांची वेल असं सगळं धरलं, की एका शीटची फाइल एक जीबी ओलांडते. असे तीस-चाळीस शीट. आठ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि ब्राउझर आधीच निम्मी जागा खाऊन बसलेले असतात. मग सेव्ह करताना पट्टी एका जागी थांबते, माउसचं वर्तुळ फिरत राहतं आणि शेवटी 'स्क्रॅच डिस्क इज फुल' असा निरोप येतो.

मशीन नेमकं कुठे अडतं

कॉम्प्युटर हळू चालतो असं सगळेच म्हणतात. कुठे हळू चालतो, हे पाहणारे थोडे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सचं पान समोर ठेवावं आणि नेहमीचं काम करावं. सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू अशा चार रेघा तिथे हलताना दिसतात. फाइल उघडताना डिस्क शंभर टक्क्यांवर जाऊन बसली आणि बाकीचे तिघे निवांत असले, तर दोष डिस्कचा. मेमरी नव्वदच्या वर गेली आणि मग डिस्क धावू लागली, तर रॅम कमी पडते आहे.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर डिस्क म्हणजे कोठार आणि रॅम म्हणजे खळं. माल कितीही असो, मळणी खळ्यावरच होते. खळं लहान असेल तर थोडा माल आणायचा, मळायचा, परत कोठारात टाकायचा आणि पुढचा आणायचा. अशा वेळी निम्मा दिवस ने-आणीतच जातो.

सगळ्यात आधी एसएसडी. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एखादी लहान फाइल शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतकाच वेळ पुरतो. लाइटरूमचा कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू म्हणजे हजारो लहान फाइलींचा पसारा, त्यामुळे हा फरक तिथे लगेच जाणवतो. साधी साटा एसएसडीही सेकंदाला पाचशे एमबीच्या पुढे वाचते आणि एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट. विंडोज, फोटोशॉप, कॅटलॉग आणि चालू काम एसएसडीवर ठेवावं, झालेलं काम मोठ्या हार्ड डिस्कवर हलवावं. जुन्या कॉम्प्युटरला कमी खर्चात नवा दम देणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

दुसरी रॅम. फोटोशॉपसाठी अॅडोबीने किमान आठ आणि शिफारस म्हणून सोळा जीबी सांगितली आहे. लग्नाचे आल्बम करणाऱ्याने बत्तीसचा विचार करावा. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या बसवल्या तर दोन्ही वाटांनी माल येतो. लॅपटॉप घेताना रॅम पुढे वाढवता येईल का, हे दुकानातच विचारून घ्यावं. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर कायमची बसवलेली असते, आणि २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम१ पासूनच्या अॅपलच्या लॅपटॉपांमध्ये मागाहून वाढवण्याची सोयच नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची प्रचंड मागणी केली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. परदेशातल्या त्या कारखान्यांसारख्या इमारतींचा आणि सेलूच्या स्टुडिओचा संबंध असा थेट खिशाला लागतो.

सीपीयूबद्दल एक समज पक्का बसला आहे, की जितके कोर जास्त तितकं काम झटपट. लाइटरूममधून तीनशे फोटो एकदम एक्सपोर्ट करताना हे बरंचसं खरं आहे. फोटोशॉपमध्ये ब्रश फिरवताना, लेयर हलवताना मात्र एकेका कोरचा वेग जास्त महत्त्वाचा ठरतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या सर्व्हरचा जुना प्रोसेसर भरपूर कोर दाखवून स्वस्तात मिळतो, पण तो फोटोच्या कामाला तेवढा उपयोगी पडत नाही.

ग्राफिक कार्ड हा पूर्वी गेम खेळणाऱ्यांचा विषय होता. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआयवर चालणारं डीनॉइज आलं आणि चित्र पालटलं. अंधारात काढलेल्या फोटोतले दाणे ते काढून टाकतं आणि ते काम मुख्यतः जीपीयूवर होतं. चांगलं कार्ड असेल तर एका फोटोला काही सेकंद लागतात, नसेल तर कित्येक मिनिटं. पन्नास फोटो असतील तर एकाचं काम चहा होईपर्यंत संपतं आणि दुसऱ्याची रात्र जाते. सहा-आठ जीबी मेमरीचं कार्ड या कामाला पुरेसं होतं. फक्त कार्ड बसवण्याआधी पॉवर सप्लाय तेवढा भार पेलेल का हे पाहायला हवं. बिननावाच्या स्वस्त सप्लायवर महागडं कार्ड लावणं धोक्याचं.

सगळा कॉम्प्युटरच बदलण्याची वेळ काहींवर आली ती वेगळ्या कारणाने. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. अशा मशीनमध्ये नवी रॅम घालण्यापूर्वी विचार करावा. एसएसडी नव्या मशीनमध्ये नेता येते, जुन्या जातीची रॅम बहुधा नेता येत नाही.

मराठी कामाची एक अडचण शहरातले सल्लागार सांगत नाहीत. कित्येक वर्षांच्या पत्रिका आणि आल्बम श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. नव्या मशीनवर तो फाँट नसला की 'शुभविवाह'च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मशीन बदलण्याआधी ते फाँट जपून ठेवावेत आणि यापुढचं काम युनिकोडमध्ये करावं. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलं की ती जुळतात. नवरदेवाच्या नावातलं जोडाक्षर चुकीचं छापलं गेलं, तर ते त्या घरात पन्नास वर्षं चुकीचं राहतं.

ऊन, धूळ आणि वीज

परभणीचा उन्हाळा चाळिशी पार करतो आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप मंदावतो. पत्र्याच्या गाळ्यात दुपारी दोन वाजता ठेवलेलं नवं मशीन सकाळपेक्षा हळू चालतं ते यामुळे. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये. काळ्या मातीची बारीक धूळ पंख्यावर आणि हीटसिंकवर बसते, ती दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने काढावी. मशीन जुनं असेल तर प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलावी. एवढ्याने कित्येकदा हरवलेला वेग परत येतो आणि नवी खरेदी वर्षभर पुढे ढकलता येते.

विजेचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. मोठं ग्राफिक कार्ड असलेला डेस्कटॉप भराच्या कामात तीनशे-चारशे वॉट ओढतो. ज्या लहान यूपीएसवर जुना कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं तग धरायचा, त्यावर तो दोन-चार मिनिटंही कसाबसा चालतो. मशीनच्या खर्चात यूपीएसचा, चांगल्या अर्थिंगचा खर्च आधीच धरायला हवा. जिथे भारनियमन जास्त, तिथे मी लॅपटॉपच्या बाजूने आहे. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त वेगवान मिळतो हे खरं. पण वीज गेल्यावर सेव्ह न झालेलं शीट पुन्हा करण्यात जो वेळ जातो, तोही वेगाच्या हिशेबात धरावा लागतो.

रंग कुणी ठरवायचा

हळदीच्या कार्यक्रमाचे फोटो समोर घ्या. अंगणात पिवळा मांडव, पिवळे कपडे, झेंडूची फुलं आणि त्यावर एलईडीचे रंगीत दिवे. चेहऱ्यावर हळद आणि मांडवाचा पिवळा उजेड असे दोन पिवळे एकमेकांवर चढलेले असतात. कॅमेरा आपोआप रंग जुळवायला जातो, पिवळा कापतो आणि हळद फिकी पडते. नीट काम करायचं तर चेहरा, हळद आणि पार्श्वभूमी वेगळी निवडावी लागते, तिघांना वेगळा हात द्यावा लागतो. पूर्वी अशा एका फोटोला अर्धा तास जायचा. आता नव्या आवृत्त्यांत चेहरा आणि त्वचा आपोआप निवडली जाते, पण मशीनमध्ये तेवढी ताकद असेल तरच.

ती ताकद नसली की सगळ्या फोटोंवर एकच तयार अॅक्शन फिरवली जाते किंवा काम बाहेर पाठवलं जातं. दोन्हीकडे एक गोष्ट हमखास होते, चेहरे गोरे होतात. उन्हात राबलेल्या घरातली सावळी मुलगी आल्बममध्ये तिच्या आईलाही ओळखू येऊ नये इतकी पांढरी केली जाते. गिऱ्हाईक मागतं म्हणून केलं, असं उत्तर मिळतं आणि काही वेळा ते खरंही असतं. पण त्याच मुलीला तिचा खरा रंग, नितळ उजेडात, नीट सांभाळलेला दाखवला, तर तो नाकारणारी घरं फार थोडी असतील असं मला वाटतं. दोन प्रती करून शेजारी शेजारी दाखवायला वेळ लागतो. वेगवान मशीन तो वेळ देतं. तो गोरेपणा वाढवण्यात घालवायचा की माणूस जसा आहे तसा दाखवण्यात, हे तिथे बसलेल्याच्या हातात असतं.

इथे पडद्याचा विषय येतो. पैसे सगळे प्रोसेसरवर घालून पडदा स्वस्तातला घेतला, तर चुकीचे रंग लवकर तयार होतील, एवढंच. आयपीएस पॅनेल आणि पूर्ण एसआरजीबी दाखवणारा पडदा हवा. कॅलिब्रेटर एकट्याला महाग वाटत असेल तर तालुक्यातल्या चार-पाच स्टुडिओंनी मिळून एक घ्यावा. महिन्यातून एकदाच लागणारी ती वस्तू आहे. पडद्यामागची भिंत राखाडी किंवा पांढरी असावी. गुलाबी भिंतीच्या खोलीत बसून त्वचेचा रंग ठरवू नये.

बारवेच्या दोन प्रती

आता पुन्हा बारवेकडे येऊ. महाशिवरात्रीला बारव मोहिमेतली मंडळी ठिकठिकाणच्या बारवांत दिवे लावतात. गोल पायऱ्यांवर रांगेने पणत्या लागल्या की फोटोग्राफरला आयएसओ चढवावा लागतो. ६४०० आयएसओला काढलेल्या फोटोत दिव्याभोवतीचा दगड दाण्यांनी भरून जातो. रॉ फाइलमध्ये, चौदा बिटच्या असेल तर, प्रत्येक रंगाच्या सोळा हजारांहून जास्त छटा असतात आणि जेपेगमध्ये फक्त २५६. म्हणून अंधारातला तपशील वर काढायचा तर रॉवरच काम करावं लागतं. डीनॉइज लावलं की दाणे जातात आणि दगडाचे सांधे दिसू लागतात. मात्र हे सॉफ्टवेअर कधी कधी नसलेली रेघही भरतं. छिन्नीचा घाव कुठला आणि यंत्राचा अंदाज कुठला, हे ज्याने त्या पायरीवर हात ठेवला आहे तोच ओळखू शकतो. बारवेचा फोटो तिच्या गावात पुरा होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

बारवेच्या फोटोंच्या नेहमी दोन प्रती असाव्यात. एक नोंदीची. तिच्यात उजेड आणि रंग नीट करावेत, पण काहीही पुसू नये. विजेची तार, प्लॅस्टिकची पिशवी, निखळलेला दगड, सगळं राहू द्यावं. दुसरी देखणी, पोस्टरसाठी किंवा कॅलेंडरसाठी. आजची साधनं एका बोटाने तार पुसतात आणि तिथे नवा दगडही उगवून देतात. ती प्रत नोंद म्हणून फिरू लागली, तर उद्या डागडुजी करणारा माणूस कधी नसलेल्या दगडाचा आधार घेईल. नाशिकचे प्रसाद पवार अनेक वर्षं अजिंठ्याच्या चित्रांचं छायाचित्रण आणि कॉम्प्युटरवर त्यांचं पुनर्निर्माण करत आले आहेत. अशा कामात भिंतीवरचं चित्र जसंच्या तसं राहतं, गळालेले रंग भरले जातात ते डिजिटल प्रतीत. बारवेलाही तीच शिस्त लावायला हवी.

पुढची पायरी आहे बारवेचं त्रिमिती मॉडेल. त्यासाठी चारी बाजूंनी, एकमेकांवर चढणारे तीन-चारशे फोटो काढून सॉफ्टवेअरला द्यावे लागतात. ते प्रत्येक दगडाची जागा मोजून सगळी विहीर पडद्यावर उभी करतं. पाऊस संपल्यावर आणि उन्हाळ्यात असे दोन संच घेतले, तर कुठला दगड सरकला ते मापाने कळेल. हे काम साध्या मशीनवर सुरूच होत नाही. त्याला बत्तीस जीबी रॅम आणि बरं ग्राफिक कार्ड लागतं, म्हणजे लग्नाचे आल्बम करणाऱ्या चांगल्या स्टुडिओकडे जे असायला हवं तेच. लग्नसराईने पैसे दिलेलं यंत्र पावसाळ्यात, तिथी नसताना, गावाच्या वारशासाठी वापरता येईल. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने अशा स्टुडिओला रीतसर काम आणि मोबदला द्यावा. फुकटात मागितलेलं काम एकदा होतं, पुन्हा होत नाही.

नव्या मशीनवर पहिलं काम

नवा कॉम्प्युटर आला की बहुतेक जण चालू ऑर्डर त्यावर घेतात. माझी सूचना वेगळी आहे. आधी एक मोठी बॅकअप डिस्क आणावी. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या घरात असावी. गाळ्याला आग लागली, चोरी झाली किंवा वीज कोसळली तरी घराघरांची लग्नं त्या एका टेबलाबरोबर जाऊ नयेत.

मग जुने फोल्डर उघडावेत. रॉ फाइलचा मोठा गुण असा, की ती दहा वर्षांनी नव्या साधनाने पुन्हा धुता येते. २०१० मध्ये अंधारलेला म्हणून बाजूला टाकलेला फोटो आजच्या डीनॉइजमधून स्वच्छ निघू शकतो. प्रत्येक स्टुडिओत अशा टाकून दिलेल्या फाइली असतात. त्यात गाळाने भरलेल्या बारवा असतील, पडलेले वाडे, बंद झालेले बाजार, आणि एकही फ्रेम केलेला फोटो मागे न ठेवता गेलेली माणसंही असतील. वालूरमध्ये कुणाकडे बारव साफ होण्याआधीचे फोटो असतील, तर ते सगळ्यात आधी काढावेत. फाइलीला तारीख लावावी, कुठल्या बाजूने काढला ते लिहावं, नोंदीची प्रत करून एक शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत द्यावी. विकत घेतलेल्या वेगाचा पहिला हप्ता अशा कामातून वसूल झाला, तर पुढच्या लग्नसराईत आल्बम करताना त्या फोटोग्राफरचा हातही वेगळा चालेल. ज्याने आपल्या गावाचा दगड खऱ्या रंगात छापून पाहिला, त्याला आपल्या गावच्या मुलीचा चेहरा पांढरा करावासा वाटणार नाही.